त्सित्सी डांगारेम्बगा

त्सित्सी डांगारेम्बगा (जन्म 1959, मुटोको) या झिम्बाब्वेच्या कादंबरीकार, नाटककार आणि फिल्ममेकर. जन्माच्या वेळी देश ऱ्होडेशिया होता, राज्य गोऱ्यांचं. आईवडिलांच्या शिक्षणापायी लहानपणाची काही वर्षं इंग्लंडात गेली, त्यात घरची शोना भाषा मागे पडली आणि परत आल्यावर ती नव्याने शिकावी लागली. 1977 ला मेडिकलसाठी केंब्रिजला गेल्या पण एकटेपणा आणि वर्णद्वेष सोसवेना, शेवटी शिक्षण अर्धवट टाकून 1980 ला, अगदी स्वातंत्र्याच्या तोंडावर घरी परतल्या. मग जाहिरात एजन्सीत नोकरी, युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी आणि तिथल्याच ड्रामा ग्रुपसाठी नाटकं.

पहिली कादंबरी 'नर्व्हस कंडिशन्स' मायदेशी कुणी छापेना. 1988 ला लंडनच्या विमेन्स प्रेसने ती काढली, आणि कृष्णवर्णीय झिम्बाब्वेयन बाईची इंग्रजीत छापली गेलेली ही पहिलीच कादंबरी ठरली. सुरुवातच अशी की भाऊ गेला त्याचं मला दुःख झालं नाही, असं टांबू नावाची मुलगी सरळ सांगून मोकळी होते. का, ते हळूहळू कळतं. फी भरायची ती मुलाची, बाप हिला विचारतो की पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणार आहेस का, मग ही बियाणं मागून घेते, स्वतःच्या तुकड्यावर मका लावते, आणि कणसं भरायला लागली की गायब व्हायला लागतात, नंतर कळतं भाऊच ती चोरून दोस्तांना वाटतोय! वसाहतवाद, पुरुषी घर, गरिबी सगळं त्या मक्याच्या शेतात आलंय, वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

पुस्तक गाजलं, 1989 ला आफ्रिका विभागाचं कॉमनवेल्थ प्राइझही मिळालं, तरी पुढचा भाग यायला 18 वर्षं लागली. मधल्या काळात त्या बर्लिनला जाऊन फिल्म शिकल्या. 'नेरिया' (1993) ची कथा त्यांची, डायरेक्शन गॉडविन मावुरूचं. नवरा अपघातात जातो आणि दीर रीतीरिवाज पुढे करून घरदार बळकावतो, मग विधवा कोर्टात जाते. हा सिनेमा झिम्बाब्वेत तुफान चालला, मला वाटतं घराघरात त्या पोचल्या त्या कादंबरीपेक्षा याच्यामुळे. 'एव्हरीवन्स चाइल्ड' (1996) मात्र स्वतः डायरेक्ट केला, विषय एड्समुळे पोरकी झालेली भावंडं, आणि कृष्णवर्णीय झिम्बाब्वेयन बाईने केलेली ती पहिली फीचर फिल्म. 2005 ची 'कारे कारे झ्वाको' तर लोककथेवरची गाणी असलेली शॉर्टफिल्म, दुष्काळात बायकोलाच मारून खायला निघालेला नवरा वगैरे, बघायला धीर लागतो. हरारेतला बायकांच्या सिनेमांचा फेस्टिव्हलही त्यांनीच सुरू केला.

टांबूची गोष्ट 'द बुक ऑफ नॉट' (2006) आणि 'दिस मोर्नेबल बॉडी' (2018) मध्ये पुरी होते. तिसऱ्या भागात टांबूला सतत 'तू' म्हटलंय, शिकून सवरून नोकरी नाही, हरारेत मिळेल तिथे खोली घेऊन राहणारी बाई. बहुतेक जण पहिल्या पुस्तकावरच थांबतात, पण धाडस या तिसऱ्यात जास्त आहे. 2020 ला ते बुकरच्या लाँगलिस्टमध्ये आलं, आणि काही दिवसांतच, 31 जुलैला, हरारेच्या रस्त्यावर एका मैत्रिणीबरोबर सुधारणा मागणारे फलक घेऊन चालताना पोलिसांनी त्यांना उचललं. पुस्तक पुढे शॉर्टलिस्टपर्यंत गेलं, केस चालूच होती. सप्टेंबर 2022 ला हिंसेला चिथावणी दिली म्हणून 70,000 झिम्बाब्वे डॉलर दंड आणि स्थगित कैद, आणि मे 2023 ला हायकोर्टाने ती शिक्षा रद्द केली.