खोली नाश्त्यासह : खानदेशातल्या हॉटेलच्या सकाळची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा भुसावळला मुक्कामाची खोली घेताना दरपत्रकावर हल्ली 'सीपी' ही दोन अक्षरं दिसतात. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. पण ती इथे रुजायला बराच काळ गेला, आणि त्यांच्यावरून काउंटरवर होणारी हुज्जत अजून थांबलेली नाही.

मुळात आपल्याकडे हॉटेल म्हणजे खायची जागा, राहायची नव्हे. प्रवाशाला राहायला धर्मशाळा असे; तिथे शिधा आपला, चूलही आपणच पेटवायची. साहेबलोकांना डाकबंगला होता आणि तिथला खानसामा त्यांना अंडी-टोस्ट करून देई. रेल्वे आल्यावर मोठ्या स्टेशनांवर खाण्याची सोय झाली, पण त्या काळी फलाटावरचं पाणीसुद्धा हिंदूंचं वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं मिळायचं.

मग आल्या 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या. लॉजिंग म्हणजे राहणं, बोर्डिंग म्हणजे जेवण. खानदेशातल्या कितीतरी ठिकाणी पाटी तशीच राहिली आणि आतलं बोर्डिंग मात्र बंद पडलं. लहानपणी वडिलांबरोबर धुळ्याला अशा लॉजवर उतरलो होतो. सकाळी बेल दाबली की पोऱ्या यायचा, पैसे घेऊन जायचा आणि कोपऱ्यावरून तारेच्या जाळीत चहाचे ग्लास व वर्तमानपत्रात बांधलेले पोहे घेऊन यायचा. कागद उलगडेपर्यंत पोह्यांचं तेल छापील अक्षरांत उतरलेलं असे. लॉजला स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे तिथल्या नाश्त्याला चांगला-वाईट म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आता त्या दोन अक्षरांकडे. सीपी म्हणजे कॉन्टिनेंटल प्लॅन. ईपी, म्हणजे युरोपियन प्लॅन, यात नुसती खोली मिळते. एपी, म्हणजे अमेरिकन प्लॅन, यात तिन्ही वेळचं खाणं येतं. युरोपच्या मुख्य भूमीवर सकाळी पाव, लोणी, जॅम आणि कॉफी एवढंच घेतात. अंडी आणि मांसाचा भरपेट नाश्ता करणाऱ्या इंग्रजांनी त्या हलक्या खाण्याला 'कॉन्टिनेंटल' म्हटलं. जळगावात त्याच नावाखाली पोहे, उपमा आणि इडली-सांबार येतं. नाव कुठलंही असो, पोटाची त्याला हरकत नाही. खरा घोळ 'कॉम्प्लिमेंटरी' या दुसऱ्या शब्दाने केला. त्याचं मराठी सर्रास 'मोफत' असं होतं, आणि शब्दाचा अर्थ तोच आहे; पण भाड्यात धरलेल्या नाश्त्याला तो लागू पडत नाही. पहाटेची गाडी असलेला प्रवासी म्हणतो, "मला नाश्ता नको, तेवढे पैसे कमी करा." त्यावर उत्तर येतं, "तो फ्रीच आहे साहेब, त्याचे काय कमी करणार?" मी ही बोलणी अनेकदा ऐकली आहेत. नाश्ता फुकट कधीच नव्हता. तो भाड्यात मिसळलेला होता.

करआकारणीने हे मिसळणं पक्कं केलं. 2012 मध्ये सेवाकराची नवी रचना आली, तेव्हाच्या सरकारी मार्गदर्शिकेत मुक्काम आणि नाश्ता ही स्वाभाविकपणे एकत्र येणारी सेवा मानली गेली आणि तिचं मुख्य अंग मुक्काम ठरलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, त्यातही 'संयुक्त पुरवठा' म्हणून तेच तत्त्व राहिलं: जो दर खोलीला, तोच तिच्यातल्या नाश्त्याला. म्हणून हजार ते अडीच हजारांच्या खोलीत धरलेल्या पोह्यांवर 12 टक्के लागायचे. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून साध्या रेस्टॉरंटचा दर 5 टक्के झाला. म्हणजे तीच बशी वेगळी मागवली तर 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांनाही 5 टक्के लागू झाले आणि खानदेशातल्या बहुतेक मुक्कामांपुरता हा फरक संपला.

नाश्त्याची स्वतंत्र कमाई दिसत नसल्यामुळे काटकसरीचा पहिला हात तिथेच पडतो, ही तक्रार खरी आहे. तरीही नाश्ता भाड्यात धरला गेला हे माझ्या मते चांगलंच झालं. तो प्रत्येकाला द्यायचा तर सहाला शेगडी पेटवावी लागते, आणि त्यापायी लॉजच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या हॉटेलांत स्वयंपाकघर परत आलं.

त्याला गिऱ्हाईकही तसं मिळालं. अजिंठा 1983 मध्ये जागतिक वारशात गेला. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर आणि दार नऊला उघडतं, म्हणून पर्यटक खाऊनच निघतो. रावेर-सावद्याच्या केळीसाठी उत्तरेचे व्यापारी येतात. 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं आणि बाहेरगावचे परीक्षक मुक्कामाला येऊ लागले. ही सगळी सकाळी घाईत असलेली माणसं.

त्यांच्यासाठी चांगला नाश्ता म्हणजे काय, हे पोह्यांवरून कळतं. बुफेच्या झाकणाच्या भांड्याखाली गरम पाणी असतं. वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब परत पोह्यांत पडतात, आणि अर्ध्या तासात मोकळे पोहे गिच्च होतात. जाणता आचारी म्हणून दहा-बारा जणांपुरतेच पोहे टाकतो आणि संपले की पुन्हा फोडणी घालतो. शेंगदाणे कुरकुरीत, मिरची हिरवीगार, वर लिंबाची फोड आणि शेजारी जिल्ह्यातलीच केळी. एवढं असलं तर लांब टेबलभर पदार्थ मांडायची गरज पडत नाही.

खानदेशची स्वतःची न्याहारी मात्र या टेबलावर अजून क्वचितच दिसते. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी तव्यावरून उतरताच खायची असते. गार झाली की चिवट होते आणि झाकणाखाली ठेवली की घामेजते. तिला थापणारा हात तिथे हजर लागतो, आणि तोच खर्च हॉटेलं टाळतात. गेल्या डिसेंबरात जळगावच्या एका हॉटेलात मात्र कोपऱ्यात तवा मांडलेला होता आणि एक मावशी भाकऱ्या थापत होत्या. सोबत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठून आले भाऊ?" नाशिकहून आलो म्हटल्यावर त्यांनी न विचारता तिसरीही तव्यावर टाकली.