विदर्भातल्या जुन्या तसबिरी आणि रिटचिंगचे काम : पार्श्वभूमी
1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, त्या सुमारास फोटो ओल्या काचेवर घेत. काचेवर कलोडियन, म्हणजे ईथर घातलेला चिकट द्रव, ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन धुवायची. कलोडियनमधला ईथर 35 अंशांच्या आसपास उकळतो. वऱ्हाडातल्या वैशाखात हे काम किती जिकिरीचे, ते सांगायला नको.

1880 च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा तयार मिळू लागल्या. पण उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात जिलेटिनचा थर सुटे, म्हणून काच तुरटीच्या पाण्यातून काढावी लागे. पुढे हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारे रसायन, निघून जाईपर्यंत धुणे आलेच, आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात त्यासाठी गोडे पाणी मिळवणे हेच मोठे काम. तसबिरीच्या पुठ्ठ्यावर नाव असे ते स्टुडिओचे. पाणी भरणाऱ्याचे किंवा काच धुणाऱ्याचे नव्हे.

वाद आहे तो रिटचिंगचा. कारागीर काच उतरत्या मेजावर ठेवून, मागून उजेड घेऊन, अणकुचीदार शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक टिंबे भरीत असे. निगेटिव्हवर शिसे चढले की छापात तेवढा भाग उजळतो, त्यामुळे देवीचे वण आणि सुरकुत्या नाहीशा होत. गडद करायचे तर पात्याने थर खरवडायचा, आणि त्यात हात चुकला की काच वाया. हा लोकांना गोरे करून दाखवण्याचा खोटेपणा होता, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सुरुवातीच्या काचा तांबड्या रंगाला जवळपास आंधळ्या होत्या, त्यामुळे कुंकू काळे उमटे आणि उन्हात रापलेला चेहरा प्रत्यक्षाहून पुष्कळ काळवंडून येई. तो उजळणे ही दुरुस्तीच होती. मात्र तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्म रूढ झाल्यावरही पेन्सिल थांबली नाही, आणि स्थळाकडे पाठवायच्या मुलीच्या फोटोत तर ती अंमळ जास्तच चालली. तिथे दुरुस्तीची सबब चालत नाही.

रंगीत फिल्मच्या इवल्याशा निगेटिव्हवर पेन्सिलीला जागा उरली नाही. 1993 पासून मतदार ओळखपत्रे निघू लागली आणि खेड्यातल्या कित्येकांचा पहिला फोटो रिटचिंगवाचून निघाला. आता तेरवीच्या तसबिरीसाठी घरचे लोक पुष्कळदा तसलाच ओळखपत्राचा फोटो घेऊन तालुक्याच्या स्टुडिओत जातात, आणि काँप्युटरवरचा मुलगा न विचारताच चेहरा उजळून, अंगात कोट चढवून देतो.