घरात माशी शिरली की आपण असं का करतो? थोडी पार्श्वभूमी

मीटिंग चालू असताना खोलीत एक माशी शिरली की काय होतं ते कधी नीट बघा, म्हणजे माशीकडे नको, माणसांकडे बघा. जो बोलत असतो तो बोलत राहतो पण त्याचे डोळे माशीबरोबर फिरायला लागतात, एक जण हातातला कागद गुपचूप गुंडाळायला घेतो, एकाला काहीच फरक पडत नाही, आणि एखादी व्यक्ती अशी असतेच की जी खुर्ची मागे सरकवून "आधी तिला बाहेर काढा" म्हणते. माशीच्या जागी झुरळ असेल तर मीटिंग संपलीच समजा. माझ्या नाकावर माशी बसलेली मला बिलकुल खपत नाही, शब्दशः, पण कोळी मात्र मी निवांत ग्लासात पकडून बाहेर सोडतो, आणि हे असं का याचं मला स्वतःलाच कोडं होतं. म्हणून जरा मागे जाऊन वाचायला घेतलं तर लक्षात आलं की माशी बघून "शी!" म्हणणं आपण समजतो तितकं जुनं नाहीये. वैताग जुना आहे, तो कायमचाच आहे. पण माशी म्हणजे घाण, माशी म्हणजे रोग, माशी म्हणजे शत्रू, हे बरंचसं गेल्या सव्वाशे वर्षांतलं प्रकरण आहे.

आता जुन्या काळी लोक काय करायचे? तर इजिप्तमध्ये सोन्याच्या माश्या करून गळ्यात घालायचे. अहहोतेप नावाच्या राणीच्या थडग्यात अशा तीन मोठ्या सोन्याच्या माश्या मिळाल्यात, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्या लढाईतल्या पराक्रमासाठी मिळणारं पदक असाव्यात असं मानतात. कितीही हाकला, परत येऊन बसतेच, हा माशीचा गुण सैनिकात असावा अशी काहीतरी त्यामागची कल्पना. ग्रीकांनी याच गुणासमोर हात टेकले होते, ऑलिम्पियात ते झ्यूसला 'माश्या दूर ठेवणारा' या नावाने बळी द्यायचे, म्हणजे माश्या हाकलायला थेट देवांचा राजा कामाला लावला होता. रोमचा सम्राट डोमिशियन याचं आणखी वेगळं. इसवी सन ८१ मध्ये गादीवर आला आणि सुरुवातीच्या दिवसांत रोज काही वेळ एकटाच बसून माश्या पकडायचा आणि लिहायच्या टोकदार सळईने भोसकायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. कुणीतरी विचारलं की आत सम्राटाबरोबर कोण आहे, तर एका दरबाऱ्याचं उत्तर होतं, माशीसुद्धा नाही! माश्या मारत बसणे हा वाक्प्रचार आपण रिकामटेकड्या माणसासाठी वापरतो, हा बाबा अख्खं साम्राज्य हाताशी असताना तेच करत होता.

डासांचा वैताग पण तितकाच जुना. इजिप्तमधले लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे धरतात तेच रात्री अंथरुणाभोवती लावून झोपतात असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलंय. आणि इंग्रजीतला 'कॅनोपी' हा शब्द मुळात डासासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, म्हणजे राजेशाही पलंगावरचं ते छत मुळात मच्छरदाणीच.

चित्रकारांनी तर माशीवरून लोकांची मस्त फिरकी घेतली. पेट्रस क्रिस्टस या चित्रकाराने १४४६ मध्ये एका साधूचं पोर्ट्रेट केलं, त्यात खाली चौकटीच्या कडेवर एक माशी रंगवलीये, अशी की हात आपोआप पुढे जावा. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने एक किस्सा दिलाय की इटालियन चित्रकार जॉत्तोने लहानपणी आपल्या गुरूच्या चित्रातल्या नाकावर माशी काढून ठेवली आणि गुरू ती खरी समजून हाताने झटकत बसला. किस्सा खरा असेल नसेल, पण त्या गुरूची रिअ‍ॅक्शन बघा, नुसतं झटकणं. किंचाळला नाही, हात धुवायला धावला नाही.

याचं एक कारण असं की माशी बाहेरून कुठून तरी घाण घेऊन येते असं लोकांच्या डोक्यातच नव्हतं. उलट सडलेल्या मांसातून माश्या आपोआप तयार होतात असं चांगले शिकलेले लोक मानायचे. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी या इटालियन डॉक्टरने बरण्यांमध्ये मांस ठेवलं, काही बरण्या उघड्या, काहींवर बारीक कापड. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत नाही, आणि माश्यांनी अंडी वरच्या कापडावर घातली. म्हणजे अळ्या मांसातून नाही, माशीतून येतात. इतका साधा प्रयोग, पण तोपर्यंत असा कुणी केला नव्हता. तरीही माशीची बदनामी व्हायला आणखी दोनशे वर्षं लागली, कारण जंतू नावाचं प्रकरण अजून यायचं होतं.

खरी कलाटणी मिळाली १८९८ मध्ये, अमेरिका आणि स्पेनच्या युद्धात. अमेरिकन सैन्याच्या मायदेशातल्या छावण्यांमध्येच टायफॉइड असा पसरला की वीस हजारांच्या वर सैनिक आजारी पडले आणि दीड हजारांच्या वर गेले, प्रत्यक्ष लढाईत मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त. चौकशीला जी समिती नेमली त्यात वॉल्टर रीड होता, हाच पुढे पिवळ्या तापाच्या डासांवरच्या कामासाठी प्रसिद्ध झाला. तर छावणीत शौचाचे उघडे खड्डे होते, त्यावर चुना टाकलेला असायचा. आणि जेवणाच्या तंबूत अन्नावर ज्या माश्या येऊन बसत होत्या त्यातल्या काहींचे पाय पांढरे होते. चुन्याने. बास, एवढं बघितल्यावर पुढे काही समजावून सांगायची गरजच नाही ना. मला वाटतं आजवर माशीविरुद्ध जेवढे पुरावे गोळा झाले त्यातला हा सगळ्यात जबरी, कारण तो मायक्रोस्कोपशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसत होता. (टायफॉइड पसरायला फक्त माश्याच कारणीभूत नव्हत्या, एकमेकांच्या संपर्कातूनही तो पसरत होता, हे त्याच समितीने म्हटलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिले ते पांढरे पाय.)

त्याच सुमारास डासही रंगेहाथ पकडला गेला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, आणि १९०० मध्ये दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या झोपडीत मलेरियाचा अख्खा सीझन राहिले, संध्याकाळ झाली की आत, आणि त्यांना मलेरिया झाला नाही. खिडकीची जाळी ही तोवर आरामाची वस्तू होती, आता ती औषधासारखी झाली.

मग सुरू झाला प्रचार. अमेरिकन कीटकतज्ज्ञ एल. ओ. हॉवर्ड याने तर घरमाशीचं नावच बदलून 'टायफॉइड माशी' ठेवा म्हणून जोर लावला, म्हणजे नुसतं नाव ऐकून लोक घाबरतील, आजच्या भाषेत रीब्रँडिंग. कॅन्ससचा आरोग्य अधिकारी सॅम्युअल क्रम्बाइन १९०५ मध्ये बेसबॉलची मॅच बघायला गेला होता, प्रेक्षक बॅटवाल्याला ओरडून सांगत होते 'स्वॉट', म्हणजे हाण, आणि याला आपल्या पत्रकाचं शीर्षक तिथेच मिळालं, 'स्वॉट द फ्लाय'. ते वाचून एका शिक्षकाने लांब पट्टीला खिडकीच्या जाळीचा तुकडा ठोकून माश्या मारायचं हत्यार करून आणलं, त्याला तो 'फ्लाय बॅट' म्हणत होता, क्रम्बाइनने 'फ्लाय स्वॉटर' केलं आणि तेच नाव चिकटलं. गंमत म्हणजे तारेच्या जाळीच्या अशाच हत्याराचं पेटंट १९०० मध्येच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं होतं. जाळीच का, तर सपाट फळी किंवा हात पुढे हवा ढकलतो आणि ती झुळूक माशीला आधीच कळते, जाळीतून हवा निघून जाते.

नंतर शहराशहरात माश्या मारायच्या स्पर्धा निघाल्या, शाळकरी पोरं डबे भरभरून मेलेल्या माश्या आणायची आणि बक्षिसं घेऊन जायची, लाखांमध्ये मोजणी व्हायची. विचार करा, ज्या पिढीतल्या मुलांनी हे केलं त्यांच्या आजोबांना ताटावर बसलेली माशी म्हणजे फक्त हाताने हाकलायची गोष्ट होती. पहिल्या घासाला माशी हा आधी अपशकुन होता, या पोरांना ती आता प्रतिबंधक कारवाईची केस वाटायला लागली. सरकारी पातळीवरचं टोक गाठलं ते चीनने. १९५८ च्या मोहिमेत माश्या, डास, उंदीर आणि चिमण्या असे चार शत्रू ठरवले आणि अख्खा देश कामाला लावला. चिमण्या मेल्यावर पिकावरची कीड वाढली, तेव्हा १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण टाकला.

मधल्या काळात रसायनं आली. आधी आर्सेनिकचे कागद, पाण्यात भिजवून बशीत ठेवायचे, माशी प्यायली की मेली. ते विष माणसालाही तितकंच लागू पडायचं, नवऱ्याला आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून एका बाईवर चाललेला १८८९ चा लिव्हरपूलचा मेब्रिक खटला अशाच भिजवलेल्या कागदांवरून गाजला होता. मग डीडीटी. कीटक मारायची त्याची ताकद पॉल म्युलरला १९३९ मध्ये सापडली, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि लोकांना वाटलं की संपलं, जिंकलो. पण तोपर्यंत स्वीडनमध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या सापडल्याही होत्या. इजिप्तवाल्यांनी पदक उगाच नव्हतं दिलं.

इथपर्यंत सगळं रोगाबद्दल झालं. पण नुसत्या रोगाच्या भीतीने आपली रिअ‍ॅक्शन समजत नाही, हे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिनच्या १९८० च्या दशकातल्या एका प्रयोगावरून कळतं. त्याने लोकांसमोर ज्यूसच्या ग्लासात मेलेलं झुरळ बुडवून काढलं, आणि ते झुरळ पूर्ण निर्जंतुक केलेलं होतं, तसं सांगितलंही होतं. तरी लोक तो ज्यूस प्यायला तयार होईनात. म्हणजे डोक्याला पटलंय की धोका शून्य आहे, पण हात पुढे होत नाही. याला किळस म्हणायचं, भीती नाही, आणि ही किळस चिकटते, एकदा टेकलं की टेकलं. कोळी, झुरळ यांना जे लोक 'घाबरतात' त्यांच्यात बऱ्याचदा किळसच जास्त असते असं मानसशास्त्रातले लोक म्हणतात. उदाहरणार्थ वाघाची भीती वाटते, किळस येत नाही. झुरळाचं बरोब्बर उलटं.

आणि कधी कधी किड्याची गरजही लागत नाही. १९६२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एका कापड गिरणीत कामगारांना कसलातरी किडा चावायला लागला, मळमळ, अंगावर पुरळ, बधिरपणा, बघता बघता ६२ जण आजारी. तज्ज्ञांनी शोधाशोध केली, तपासण्या झाल्या, तर असा कुठला किडाच नव्हता. कामाचा ताण प्रचंड होता आणि कुणीतरी 'किडा' हा शब्द उच्चारला होता. लक्षणं मात्र खरी होती, कुणी नाटक करत नव्हतं. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांवरून जो गदारोळ झाला त्यात ढेकूण खरे होते, पण लोक मेट्रोच्या सीटवर बसेनात इथपर्यंत गोष्ट गेली, आणि मला नाही वाटत ढेकूण तितक्या वेगाने वाढले असतील जितक्या वेगाने व्हिडिओ फिरले.

ढेकूण आणि झुरळाच्या बाबतीत आणखी एक रिअ‍ॅक्शन असते, लाज, आणि लाज आली की खापर शेजाऱ्यावर. घराघरात दिसतं ते छोटं तपकिरी झुरळ, त्याचं शास्त्रीय नाव 'जर्मन' झुरळ. जर्मन लोक त्याला रशियन म्हणायचे, रशियन लोक प्रशियाचं म्हणायचे. २०२४ मध्ये जनुकं तपासली तर निघालं की हे साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागातल्या जंगली झुरळापासून झालंय. त्यामुळे आता पाहुण्यांसमोर झुरळ निघालं तर फार वाद घालायची सोय राहिली नाही.

पण मुद्दा घराचा आहे, आणि त्यावरचं मला सगळ्यात पटलेलं काम जपानमधलं, २०२१ चं. तिथे जवळजवळ १३,००० लोकांना किड्यांचे फोटो दाखवून विचारलं की किती किळस वाटते, तर तोच किडा घरात दिसला की बाहेर दिसण्यापेक्षा जास्त किळस. आणि ज्यांना किडे ओळखता येत नाहीत त्यांना सगळ्यांचीच किळस, निरुपद्रवी असो नाहीतर नसो. शहरं वाढली, घरं बंद झाली, बाहेरचे किडे बघायची सवय गेली, आणि मग किडा दिसतो तो थेट घरातच. माझ्या कोळ्याच्या कोड्याचं उत्तर बहुतेक इथे आहे, कोळी मला ओळखता येतो, लहानपणी तासन्‌तास बघितलाय.

तरी आपण दिसणाऱ्यांबद्दलच बोलतोय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ५० घरांची कोपरान्‌कोपरा तपासणी केली होती, २०१६ मध्ये आकडे छापले, एकेका घरात सरासरी शंभरच्या आसपास प्रकारचे किडे, कोळी वगैरे, आणि ५५४ खोल्यांपैकी काहीच सापडलं नाही अशा खोल्या फक्त ५. साधी, व्यवस्थित घरं होती ती.

आता राहिलं मारणं. २००९ मध्ये ओबामांनी व्हाइट हाऊसमध्ये मुलाखत चालू असताना एक माशी हाताने मारली, कॅमेऱ्यासमोर, एका फटक्यात, आणि जग टाळ्या वाजवत असताना पेटा या प्राणीहक्कवाल्या संस्थेने त्यांना माशी न मारता पकडायचं यंत्र पाठवून दिलं. २०२० च्या निवडणुकीच्या डिबेटमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माईक पेन्स यांच्या पांढऱ्या केसांवर माशी दोनेक मिनिटं आरामात बसली होती, त्यांना पत्ताच नाही, आणि बघणाऱ्या लाखो लोकांचे हात शिवशिवत होते. ओबामांचा नेम लागला हे खरंच कौतुकाचं आहे, कारण माशी आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने बघते, आपला झपाट्याने येणारा हात तिला स्लो मोशनसारखा दिसतो. २००८ मध्ये हाय स्पीड कॅमेऱ्याने फळमाश्यांचं शूटिंग केलं होतं, त्यात दिसलं की धोका कुठून येतोय ते बघून माशी उडायच्या आधीच, सेकंदाच्या दहाव्या भागात, पाय सरकवून अंग तोलून तयार होते आणि मग विरुद्ध दिशेला उडी मारते. म्हणून आपण जिथे हाणतो तिथे ती नसतेच. नेम माशीवर धरायचा नाही, ती जिकडे उडणार त्या बाजूला थोडा पुढे धरायचा. मी करून बघितलं, तीनदा चुकलं, चौथ्यांदा पाण्याचा ग्लास लवंडला आणि माशी खिडकीच्या काचेवर जाऊन बसली.