हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे जगणे: अहवालात न मावणारी बाजू

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण घरी येतो, तेव्हा कोणती रोहिणी बंद झाली होती, ती उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट कुठे बसवला आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन किती आले, हे सारे त्याच्या फाइलमध्ये नोंदलेले असते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हे सांगणारा हा आकडा निरोगी माणसात साधारण 55 ते 70 असतो, आणि तो 40च्या खाली गेला की हृदयाची ताकद घटली असे मानतात. पुढचा धोका ओळखण्यासाठी आणि औषधे ठरवण्यासाठी तो मोलाचा आहे. मात्र त्या माणसाला जिना चढता येतो का, रात्री शांत झोप लागते का, कामावर परतण्याची उमेद उरली आहे का, हे त्यातून फारसे कळत नाही. आकडा कमी असूनही नियमित चालणारे, कामात रमलेले रुग्ण असतात. तो उत्तम असूनही एकट्याने घराबाहेर पडायला न धजावणारेही असतात.

या तफावतीचे एक कारण शरीरातच आहे. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या हृदयस्नायूच्या जागी साधारण सहा ते आठ आठवड्यांत घट्ट व्रणऊती तयार होते आणि ती आकुंचन पावू शकत नाही. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हृदयस्नायूच्या पेशी तरुणपणीही वर्षाला जेमतेम 1 टक्का नव्या होतात आणि वयानुसार हा वेग आणखी मंदावतो. म्हणजे झालेले नुकसान बहुतांशी कायमचे असते. तरीही दम टिकणे केवळ हृदयावर अवलंबून नसते. नियमित व्यायामाने हातापायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, त्यामुळे इकोचा आकडा तसाच राहूनही पूर्वी धाप लावणारे काम सहज होऊ लागते.

ही गोष्ट वैद्यकालाही उशिरा उमगली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. त्यात स्नायू झिजत आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होत. सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी 1952मध्ये रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली, ती त्या काळी धाडसाची होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर 1955मध्ये झटका आला आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले, तेव्हा झटक्यानंतरही जबाबदारीचे काम करता येते हे साऱ्या जगाने पाहिले. रुग्णालयांनी सक्तीची विश्रांती केव्हाच सोडली. घरोघरी मात्र ‘तू काही करू नकोस’ हा प्रेमळ आग्रह अजून टिकून आहे.

माझ्या मते झटक्यानंतरचे आयुष्य सर्वाधिक आक्रसते ते भीतीमुळे. बरगड्यांचा स्नायू दुखला, आम्लपित्त झाले किंवा एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला, तरी ‘पुन्हा तेच’ अशी शंका येते. त्या शंकेने माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने दम कमी होतो, आणि थोड्याशा श्रमाने धाप लागली की हृदय निकामी होत असल्याची त्याची खात्रीच पटते. रात्री जागून त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहणारा जोडीदारही त्याच भीतीत जगत असतो. त्याची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

पाचांपैकी सुमारे एका रुग्णाला गंभीर नैराश्य येते. माँट्रियलमधील 222 रुग्णांच्या, 1993मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले. सर्ट्रालिन हे नैराश्यावरील औषध अशा रुग्णांना सुरक्षितपणे देता येते, हे 2002पर्यंत दिसून आले. पुढे 2003मध्ये, सुमारे 2,500 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत नैराश्यावरील उपचारांनी मन सावरले, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. अनेकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. मला तसे वाटत नाही. दुःख कमी होणे हे स्वतःच उपचाराचे पुरेसे कारण आहे, त्यासाठी आयुष्याची वर्षे वाढल्याचा पुरावा मागण्याची गरज नाही.

देखरेखीखालील व्यायाम, आहार, धूम्रपान सोडण्यास मदत आणि समुपदेशन यांना एकत्र बांधणारे हृदय-पुनर्वसन भीती आणि हालचाल टाळण्याच्या या दुष्टचक्राला थेट भिडते. प्रशिक्षित व्यक्तीसमोर चालताना नाडी वाढते आणि काही विपरीत घडत नाही, हा अनुभव शब्दांच्या दिलाशापेक्षा खोल रुजतो. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. तरीही पात्र रुग्णांपैकी बरेच जण तिथे पोहोचतच नाहीत. औषधांच्या चिठ्ठीबरोबरच पुनर्वसनाचीही चिठ्ठी मिळायला हवी.

लैंगिक संबंधांविषयीचा प्रश्न संकोचामुळे विचारलाच जात नाही. दोन जिने चढून छातीत दुखत नसेल आणि फार धापही लागत नसेल, तर प्रकृती स्थिरावलेल्या बहुतेकांना ते सुरक्षित असतात. मात्र छातीतल्या दुखण्यावरची, जिभेखाली ठेवायची किंवा अन्य कोणतीही नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखे लैंगिक ताठरतेसाठीचे औषध घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

थकव्यालाही नेहमी हृदयच कारणीभूत असते असे नाही. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी काहींना गळून गेल्यासारखे वाटते आणि हातपाय गार पडतात. अशा वेळी डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. रुग्णाने गोळी आपल्या मनाने बंद करू नये. स्टेंटनंतर रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांबाबत तर हे अधिकच खरे, कारण त्या अचानक थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा झटका येऊ शकतो.