लाटसाहेबाच्या नावातली भाकर

‘मोठा लाटसाहेब लागून गेलास!’ असं आपण कुणालाही सुनावतो. यातला ‘लाट’ म्हणजे इंग्रजी ‘लॉर्ड’, कंपनी सरकारच्या आणि राणीच्या अमदानीत आपल्याकडे रुळलेला. पण या ‘लॉर्ड’चं मूळ धुंडाळत गेलं, तर वाट राजवाड्याकडे न जाता थेट चुलीपाशी जाते.

इ.स. 410 च्या सुमारास ब्रिटनवरची रोमन सत्ता संपली. पाचव्या शतकात आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या बाजूने अँगल, सॅक्सन, ज्यूट हे लोक तिथे येऊन वसले. रोमन शहरं ओस पडत गेली. नवे लोक लाकडी घरांच्या छोट्या वाड्यांमध्ये राहत, बार्ली, गहू, राय पिकवत आणि गुरं-मेंढ्या पाळत.

त्यांच्या भाषेत, म्हणजे जुन्या इंग्रजीत, पावाला, म्हणजे त्यांच्या भाकरीला, ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’ तोच. घरधनी म्हणजे ‘ह्लाफवेअर्ड’, भाकरीचा राखणदार. हा शब्द झिजत झिजत ‘लॉर्ड’ झाला. घरधनीण म्हणजे ‘ह्लॅफदिये’, भाकरीची कणीक मळणारी. तिची झाली ‘लेडी’. आणि धन्याच्या अन्नावर जगणारा आश्रित म्हणजे ‘ह्लाफॅटा’, भाकर खाणारा. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला ठाऊक आहे. इथे तर माणसाचा हुद्दाच भाकरीवरून ठरलेला. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी नव्या गव्हाच्या पावाचा सण असे, त्याचंही नाव ‘ह्लाफमॅसे’.

हा ‘ह्लाफॅटा’ कायद्यातही सापडतो. 597 मध्ये रोमहून ख्रिस्ती धर्मप्रचारक इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट राज्यात आले. तिथला राजा एथेलबर्ट याने त्यानंतर काही वर्षांतच कायदे लिहून घेतले, तेही लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत. ते वाचताना दुकानातलं दरपत्रक वाचतोय असं वाटतं. साध्या स्वतंत्र माणसाला मारलं तर भरपाई 100 शिलिंग, डोळा फोडला तर 50, अंगठा तोडला तर 20, समोरचा दात पाडला तर 6. करंगळीला 11 शिलिंग, मधल्या बोटाला मात्र 4 च! सूडाच्या फेऱ्यात घराणीच्या घराणी संपू नयेत, म्हणून हा हिशेब. मारलेला माणूस एखाद्या शेतकऱ्याचा ‘ह्लाफॅटा’ असला, तर भरपाई 6 शिलिंग. म्हणजे एका दाताएवढी.

याच कायद्यात राजाघरच्या दासींच्या प्रती लावल्या आहेत. वरच्या दासीशी कुणी संग केला तर राजाला 50 शिलिंग द्यायचे, तिसऱ्या प्रतीच्या दासीसाठी 12. या दोघींच्या मध्ये 25 शिलिंगांची एक बाई येते, आणि तिची ओळख फक्त तिच्या कामाने दिली आहे: दळणारी. कणीक मळणारीची पुढे ‘लेडी’ झाली; ते पीठ जात्यावर ही दळत होती.