खेळांचे फोटो आणि आयएसओची धास्ती: पार्श्वभूमी

धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर हवेत असतात, हे कॅमेऱ्याने १८७८ मध्येच दाखवलं, पण भर उन्हात. संध्याकाळच्या सामन्यातला खेळाडू गोठवायचा तर शटर १/१००० सेकंदच उघडं हवं, आणि तिथे प्रकाश पुरत नाही. तरी आयएसओ, म्हणजे कमी प्रकाशात फोटो उजळ ठेवणारा आकडा, वाढवायला अनेकांचा हात अजून कचरतो. ही सवय फिल्मच्या काळातली आहे.

तेव्हा रोल भरला की त्याचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचा हाच आकडा, ३६ फ्रेमपर्यंत ठरलेला. ४०० ची फिल्म १६०० समजून वापरायची आणि डेव्हलपिंग लांबवायचं, याला ‘पुश’ म्हणत. पुश केलं की ग्रेन, म्हणजे फोटोतले कण, जाड होई, सावल्यांतला तपशील जाई. मोठा आकडा म्हणजे खराब फोटो, हे समीकरण तिथे पक्कं झालं.

मुळात हा आकडा म्हणजे संकेत. फोटो काळा पडू नये म्हणून फिल्मचा आकडा मुद्दाम कमी धरला जाई; १९६० मध्ये मोजणीच्या नियमातला हा सुरक्षेचा वाढीव वाटा काढला गेला आणि फिल्म तीच असताना कृष्णधवल रोलच्या डब्यावर २०० चे ४०० झाले. १९७४ मध्ये अमेरिकी एएसए आणि जर्मन डीआयएन हे आकडे ‘आयएसओ’ या एका नावाखाली आले. डिजिटलमध्ये तर गोंधळ वाढलाच. नाव तेच राहिलं, पण आकडा वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश गोळा करत नाही; मिळालेला प्रकाश चित्रात किती उजळ दिसावा एवढंच ठरतं. नॉइज, म्हणजे चित्रातले खरखरीत ठिपके, मुख्यतः प्रकाश कमी पडल्याने येतो. आयएसओ कमी ठेवण्यासाठी शटर १/२५० वर आणणाऱ्याला स्वच्छ पण हललेला फोटो मिळतो. नॉइज नंतर बराच कमी करता येतो, पुसट झालेला चेहरा परत येत नाही.

२००७ मध्ये आयएसओ ६४०० सहज पेलणारा फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आला आणि शटर व अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) हाताने ठरवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडायची ‘ऑटो आयएसओ’ पद्धत हळूहळू रुळली. तिच्यावरचा आक्षेप खरा आहे: पांढरी जर्सी आणि गडद प्रेक्षागृह यांत कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो. फ्लडलाइटखाली प्रकाश सारखा असतो, तिथे तिन्ही आकडे बांधून टाकावेत. मैदान अर्धं उन्हात, अर्धं सावलीत असेल तर ऑटो आयएसओच बरा.

२०२३ मध्ये १/८०००० पर्यंत जाणारा ग्लोबल शटरचा (सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा) कॅमेरा जाहीर झाला. पण १/१००० ला ६४०० लागत असेल, तर एवढ्या शटरला आकडा पाच लाखांपुढे न्यावा लागेल.