आयफोन, बाकीच्या भाषा आणि कलम ३.३.१

फोनवर कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषा चालू देतात याची ही गोष्ट. साध्या फोनवरचे जावा गेम सगळ्यांनीच खेळलेत, ते सोडून देऊ. सिम्बियन ही जुनी प्रणाली असलेल्या एस६० फोनवर पायथन ही भाषा २००५ च्या आसपासच आली होती, फोनवरच कोड टाइप करून लगेच चालवायचा.

खरी भानगड आयफोनने केली. ॲपलच्या डेव्हलपरसोबतच्या करारात आधीपासूनच होतं की ॲपने बाहेरून कोड उतरवून इंटरप्रिटरवर (कोड एकेक ओळ वाचत चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवायचा नाही, वर चालता चालता मशीन कोड बनवायची, म्हणजे जिटची, ॲपला सोयच नव्हती. म्हणून २००९ मध्ये सी शार्प भाषेसाठी मोनोटच हे टूल आलं त्यात सगळं आधीच कंपाइल करून, म्हणजे मशीन कोडमध्ये बदलून द्यायचं. त्याच वर्षी कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारं ॲप, ॲप स्टोअरवर आला आणि लगेच काढलाही, का तर त्यातली बेसिक ही भाषा चालू करता येत होती!

मग ८ एप्रिल २०१०. नव्या करारात कलम ३.३.१ बदललं, ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिटवर (आयफोनच्या ब्राउझर इंजिनवर) चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं पाहिजे. मुळात! म्हणजे बायनरी, अर्थात तयार झालेली फाइल, नियमात बसते का हे नाही बघायचं, तुम्ही घरी बसून कशात लिहिलं ते बघायचं. चारच दिवसांनी अडोबीचं फ्लॅश सीएस५ जाहीर होणार होतं आणि त्यात फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेतून आयफोन ॲप बनवायची सोय होती, आता हा योगायोग समजायचा तर समजा. ॲपलने कारण असं दिलं की मध्ये दुसऱ्याचा थर आला की ॲप सुमार होतात आणि नवीन फीचर त्या थरवाल्याच्या मर्जीवर अडकतं. दुसरा मुद्दा खोटा नाही, पण सुमार ॲप ऑब्जेक्टिव्ह-सी मध्येही ढिगाने होती की. युनिटी या गेम बनवायच्या टूलवर गेम करणाऱ्यांचा सी शार्प कोड, गेममधली लुआ भाषेतली स्क्रिप्ट, सगळेच टांगणीला लागले. त्याच सुमारास मुलांचे स्क्रॅच (मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोजेक्ट दाखवणारं ॲपही इंटरप्रिटरच्या कलमावरून गेलं.

९ सप्टेंबरला ॲपलने माघार घेतली, टूल कुठलंही वापरा, फक्त कोड डाउनलोड नको. २०१२ मध्ये आयफोनवरच पायथन लिहून चालवायचं पायथनिस्टा ॲप आलं, २०१७ मध्ये शिकवणाऱ्या ॲपना कोड उतरवायचीही मुभा मिळाली, अट अशी की तो युजरला पूर्ण दिसला आणि बदलता आला पाहिजे.

अँड्रॉइड मोकळं म्हणतात, पण अँड्रॉइड १० च्या नियमांना धरून बनवलेल्या ॲपला स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये उतरवलेली बायनरी थेट चालवता येत नाही, टर्मक्स या टर्मिनल ॲपचे प्ले स्टोअरवरचे अपडेट त्यातच अडकले आणि लोक एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप स्टोअरकडे वळले. २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये आयओएस आणि अँड्रॉइड दोन्ही पायथन चालणाऱ्या प्रणालींच्या अधिकृत यादीत आले, तेही तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत, आणि आयफोनवर इंटरप्रिटर अजूनही ॲपच्या आत बांधूनच द्यावा लागतो.